वार कोणाचा? : आठवड्याच्या मांसवर्जनाचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयातील पर्यावरण-मंडळाचे तीन विद्यार्थी एक निवेदन घेऊन अध्यापक-कक्षात आले. उपाहारगृहात आणि वसतिगृहाच्या मेसमध्ये आठवड्यातून एक दिवस, सोमवारी, मांसाहार बंद ठेवावा. त्याने विद्यार्थ्यांचे आरोग्य सुधारेल आणि तापमानवाढीला आपल्या परीने आळा बसेल, असा त्याचा आशय होता. निवेदन नेटके होते. शुद्धलेखनाच्या चुका दोनच होत्या (मराठीचे अध्यापक आधी त्याच मोजतात). आम्ही सही करण्यासाठी पेन काढले, तेवढ्यात चहा घेऊन आलेले उपाहारगृहाचे काका म्हणाले, "सोमवारी आपल्याकडं अंडंसुद्धा खपत नाही सर, बंद काय करायचं?" आणि वसतिगृहात राहणारा आमचा एम. ए.चा एक विद्यार्थी, जो केवळ ग्रंथ परत करायला आला होता, जाता जाता बोलून गेला, "मेसमध्ये आठवड्यातून एकदाच चिकन असतं सर, बुधवारी. त्यातलं कमी काय करायचं?"

सही राहिली. या दोन वाक्यांनी आम्हांला ज्या प्रश्नापाशी आणून सोडले, त्याचा मागोवा घ्यावा म्हणून प्रस्तुत लेख. आठवड्यातला एक दिवस मांस वर्ज्य करावे ही कल्पना नवी नाही, हे कोणीही सांगेल. नवे आहे ते तिला दिलेले कारण. एकाच आचाराला निरनिराळ्या काळी निरनिराळी कारणे मिळत गेली. आणि आमच्या मते या इतिहासात कारणापेक्षा अधिक महत्त्वाचा प्रश्न असा, की तो वार ठरवला कोणी, आणि कोणाच्या ताटासाठी.

प्रारंभ युरोपातल्या शुक्रवारापासून करू. येशूच्या क्रूसावरील मृत्यूचा वार म्हणून शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळी चालेल, हा पश्चिमेकडील ख्रिस्ती समाजाचा शतकानुशतकांचा नेम. सोळाव्या शतकात इंग्लंड रोमच्या पोपपासून फुटले, प्रॉटेस्टंट झाले आणि असे उपवास ही अंधश्रद्धा ठरू लागली. मग मासळी कोण खाणार? मासळी खपली नाही तर कोळी उरणार नाहीत, कोळी उरले नाहीत तर आरमारासाठी खलाशी कोठून आणायचे? पहिल्या एलिझाबेथ राणीचा मंत्री विल्यम सेसिल याने यावर तोड काढली. १५६३ च्या कायद्याने शुक्रवार आणि शनिवार यांच्या जोडीला बुधवारही मासळीचा वार ठरला. मांस खाणाऱ्यास तीन पौंड दंड किंवा तीन महिने कैद. खरी गंमत पुढेच आहे. त्याच कायद्यात असे कलम होते की हा नियम केवळ राज्याच्या हितासाठी आहे; तो पाळल्याने आत्म्याचा उद्धार होतो असे जो कोणी सांगेल, तो खोटी बातमी पसरवणारा म्हणून शिक्षेस पात्र ठरेल. आचार तोच, ताट तेच, फक्त कारण बदललेले, आणि जुने कारण उच्चारणे हाच गुन्हा! लोकांनी या बुधवाराला 'सेसिलचा उपास' असे नाव ठेवले. यातच त्याचे भवितव्य दिसते. ज्या उपासाला देवाऐवजी मंत्र्याचे नाव पडते तो फार दिवस टिकत नाही. १५८५ मध्ये बुधवारची सक्ती रद्द झाली.

दुसरे मोठे पर्व पहिल्या महायुद्धाचे. जर्मनीत ऑक्टोबर १९१५ च्या फर्मानाने मंगळवार आणि शुक्रवार हे मांसविक्री बंदीचे दिवस ठरले. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली तेव्हा अन्नप्रशासनाची सूत्रे हर्बर्ट हूवर यांच्याकडे आली. बेल्जियमच्या उपासमारीत अन्न पोचवण्याचे मोठे काम त्यांनी केले होते. पुढे ते राष्ट्राध्यक्षही झाले. हूवर यांचा आग्रह असा, की घरोघरी शिधापत्रिका नकोत. लोकशाहीतल्या माणसाने स्वतःहून कमी खावे. मग घोषवाक्ये, भित्तिपत्रके, गृहिणींनी सही करून द्यायची प्रतिज्ञापत्रे आणि खिडकीत लावायची चित्रपत्रे असा प्रचंड प्रपंच उभा राहिला. जानेवारी १९१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी जे आवाहन केले त्यात सोमवार आणि बुधवार गव्हाविना, मंगळवार मांसाविना, शिवाय शनिवारी डुकराचे मांस नाही, असे आठवड्याचे पत्रकच होते. आपल्याकडच्या एखाद्या व्रतवैकल्यांच्या पोथीला शोभावे असे! हूवर यांच्या नावावरून 'काटकसरीने खाणे' या अर्थाचे एक क्रियापदच इंग्रजीत रूढ झाले. भाषेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे, की सेसिलच्या नावाने उपहास झाला आणि हूवरच्या नावाने निदान काही काळ अभिमान व्यक्त झाला. एकामागे दंड होता, दुसऱ्यामागे सही होती, हा फरक त्यात आहेच. तथापि खिडकीत पत्रक नसलेल्या घराकडे शेजारी कसे पाहत असतील, याचाही विचार मनात येतो. स्वेच्छा आणि शेजार यांच्यामधली सीमा वाटते तितकी ठळक नसते.

या आवाहनामागचा हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण आजच्या पर्यावरणवादी युक्तिवादाचा गाभाही तोच आहे. तेथे जनावर धान्यावर पोसले जात होते. एक किलो मांसासाठी कित्येक किलो मका किंवा गहू खर्ची पडतो. म्हणजे मांस सोडले की धान्य वाचते आणि ते जहाजाने उपाशी युरोपात धाडता येते. वाचवायचे होते ते जनावर नव्हे, धान्य. १९४७ मध्ये युद्धोत्तर युरोपासाठी हाच प्रयोग राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी पुन्हा केला. ५ ऑक्टोबर १९४७ रोजी व्हाइट हाउसमधून दूरचित्रवाणीवर प्रक्षेपित झालेल्या पहिल्यावहिल्या अध्यक्षीय भाषणाचा विषय काय होता, तर मंगळवारी मांस नको आणि गुरुवारी कोंबडी-अंडी नकोत! पण त्या वर्षी थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि नववर्षदिन हे तिन्ही सण गुरुवारी आले होते. थँक्सगिव्हिंग टर्कीवाचून कसा व्हायचा? शिवाय कोंबड्या मारल्या नाहीत तर त्या जिवंत राहून धान्यच खात राहणार, असा कुक्कुटपालकांचा बिनतोड सवाल होता. त्यांनी जिवंत कोंबड्यांचे पिंजरे थेट व्हाइट हाउसला पाठवायला सुरुवात केली. गुरुवारचा नेम लवकरच गुंडाळावा लागला. वार ठरवण्यापूर्वी पंचांग पाहावे, एवढे तर आपल्याकडची कोणतीही आजी सांगू शकली असती.

साम्यवादी राजवटींनाही या युक्तीचा मोह पडला. सोव्हिएत रशियात १९३२ मध्ये सार्वजनिक भोजनगृहांत 'मासळीचा दिवस' सुरू झाला आणि १९७६ मध्ये तो गुरुवारी निश्चित झाला. चर्चचा शुक्रवार टाळून शेजारचाच वार घेतला गेला, हे बोलके आहे. पोलंडमध्ये १९५९ पासून सोमवारी मांस विकले जाईना. आरोग्याचे कारण पुढे करता येत असले, तरी दुकानात मांस नव्हते हे ग्राहकाला दिसतच होते. टंचाईला व्रताचे वस्त्र नेसवले तरी ती झाकत नाही.

भारताच्या स्मृतीत असाच एक सोमवार आहे. १९६५ च्या युद्धाच्या आणि अन्नटंचाईच्या काळात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. सोमवारी संध्याकाळी अनेक शहरांतली हॉटेले बंद राहू लागली. प्रश्न मांसाचा नव्हता, अन्नाचाच होता. परंतु आपल्या विवेचनाच्या दृष्टीने हे उदाहरण मोलाचे आहे. शास्त्रीजींनी आधी स्वतःच्या घरी तो उपास करून पाहिला आणि मग देशाला सांगितला, ही गोष्ट आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने आदराने सांगितलेली आम्ही ऐकली आहे. आणि त्यासाठी वार निवडला तोही सोमवार, जो घरोघरी आधीच उपासाचा होता. सेसिलला जे साधले नाही ते येथे सहज साधले.

आता आजच्या 'मांसमुक्त सोमवारा'कडे येऊ. त्याचा जनक कोणी संत नाही, मंत्री नाही, तर जाहिरातक्षेत्रातला माणूस आहे. सिड लर्नर यांनी २००३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्यशाळेच्या साहाय्याने ही मोहीम सुरू केली. महायुद्धकालीन मांसविरहित दिवसांची आठवण त्यांच्या डोक्यात होती. आरोग्यतज्ज्ञांची शिफारस होती की आहारातला संपृक्त स्निग्धांश १५ टक्क्यांनी घटवावा. आठवड्यात जेवणे एकवीस; त्यांतली तीन वगळली की जवळपास तेवढीच घट होते. म्हणजे एक दिवस! सोमवार यासाठी, की नवा आठवडा सुरू होताना माणसाला नवे संकल्प सुचतात. शंकराचा येथे काही संबंध नाही, हे सांगायला नको.

सुरुवातीला या मोहिमेचे कारण हृदयविकार एवढेच होते. पृथ्वी त्यात नंतर आली. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने पशुपालनावरचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला आणि मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी १८ टक्के पशुपालनातून येतात असे सांगितले. हा आकडा पुढे १४.५ टक्क्यांवर (२०१३) आणि मग १२ टक्क्यांवर (२०२३) आला. मोजण्याच्या पद्धती बदलल्या, तरी तो दुर्लक्षावा इतका लहान कधीच झाला नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी हे रवंथ करणारे प्राणी पचनाच्या वेळी मिथेन वायू बाहेर टाकतात; त्यात चराऊ रानांसाठी आणि पशुखाद्यासाठी तोडलेल्या जंगलांची भर. जगाचे मांसोत्पादन १९६१ मध्ये सुमारे ७ कोटी टन होते, ते आज ३५ कोटी टनांच्या वर गेले आहे. २००८ मध्ये हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी लंडनच्या व्याख्यानात आठवड्यातून एक दिवस मांस सोडा, असे सांगितले. २००९ मध्ये बेल्जियममधील गेंट शहराने गुरुवार स्वीकारला आणि पॉल मॅकार्टनी यांनी ब्रिटनमध्ये सोमवारची मोहीम काढली. आरोग्याच्या बाजूनेही पुरावा वाढत गेला. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले आणि रोज ५० ग्रॅममागे आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असे नमूद केले. लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात गेले.

इतका पुरावा असूनही वार ठरवणे सोपे झाले नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्याने कर्मचाऱ्यांच्या अंतर्गत पत्रात या सोमवारची स्तुती केली आणि पशुपालकांच्या संघटनेने ओरड करताच ती लगोलग मागे घेतली. २०१३ च्या निवडणुकीत जर्मनीतील ग्रीन पक्षाने सार्वजनिक उपाहारगृहांसाठी एक शाकाहारी दिवस सुचवला, तेव्हा 'हे आता आमच्या ताटातही हात घालणार' अशी हाकाटी झाली आणि पक्षाला ते चांगलेच महागात पडले. याउलट एक उदाहरण पाहा. इंग्लंड आणि वेल्समधील कॅथलिक धर्माध्यक्षांनी सप्टेंबर २०११ पासून आपल्या अनुयायांसाठी शुक्रवारचे मांसवर्जन पुन्हा सुरू केले, तेही निव्वळ धार्मिक कारणासाठी. केंब्रिजच्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा सुमारे चतुर्थांश कॅथलिकांनीच आपला आहार बदललेला आढळला; तरीही वर्षाला ५५ हजार टन कार्बन वाचला होता. तापमानवाढीचे नावही न घेता!

हे वाचून आपल्याकडे कोणी म्हणेल, की मग आमचा वार काय वाईट? सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा किंवा देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुध, शुक्र, रवि. मटणाच्या दुकानापुढची रांग पाहून वार ओळखावा, असे हे गणित. श्रावण सबंध वर्ज्य, मार्गशीर्षातले गुरुवार वेगळे. लर्नर यांना एक दिवस मागावा लागला, आमच्याकडे चार आधीच दिलेले आहेत. यात तथ्य नाही असे नाही. परंतु वार पाळणे म्हणजे कमी खाणे असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. वार हे पुष्कळदा केवळ वेळापत्रक असते. श्रावणाच्या तोंडावर आषाढी अमावास्येला 'गटारी' म्हणून जे चालते ते आणि ख्रिस्ती उपवासकाळापूर्वीचे गोव्यातले कार्निव्हल एकाच मनोवृत्तीची अपत्ये आहेत. (गटारीचे मूळ 'गतहारी' असल्याचे सांगतात, आम्हांला ती व्युत्पत्ती मागाहून सुचलेली सोवळी सारवासारव वाटते.) सोमवारी न खाल्लेले मटण रविवारी खाल्ले गेले, तर मिथेन वायूला वाराचे सोयरसुतक नसते.

याहून वेगळी गोष्ट माळकऱ्याची. वारकरी माळ घालतो तेव्हा मांस कायमचे सोडतो, पण ते स्वतःपुरते. घरातल्या इतरांसाठी रस्सा शिजतो आणि त्याचे ताट वेगळे वाढले जाते. तीही सक्ती नव्हे, सहीच आहे. आणि त्याहून वेगळी गोष्ट महाडची. मार्च १९२७ मधील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. तेथे कारण आत्मा नव्हता, आरोग्यही नव्हते. कारण स्वाभिमान होता. महाराष्ट्रातील मांसत्यागाच्या इतिहासातले हे सर्वांत अर्थपूर्ण पान आहे असे आम्ही मानतो, कारण सोडणारा आणि सोडायला सांगणारा एकाच पंगतीतले होते.

ही पंगत मोडली की काय होते तेही आपण पाहिले आहे. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी गाय-वासरांपुरती न राहता बैलांपर्यंत विस्तारली. त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील महार-मांग समाजांची खाद्यसंस्कृती त्यात नोंदवलेली आहे: चान्या कशा वाळवायच्या, तेल-तूप नसताना चरबीवर कसे भागवायचे. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या १९१० च्या 'गृहिणी-मित्र'सारख्या मराठी पाकपुस्तकांच्या परंपरेत जे स्वयंपाकघर आलेच नव्हते ते येथे आले. आमच्या अभ्यासक्रमात हे पुस्तक यावे अशी आमची जुनी इच्छा आहे. हे पुस्तक वाचल्यावर 'मांस कमी करा' या वाक्यातला अध्याहृत कर्ता कोण, हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकेत दरडोई वर्षाला शंभर किलोंहून अधिक मांस खपते. भारतात ते काही किलोच आहे, आणि त्या सरासरीतही अनेकांच्या वाट्याला सणासुदीचा रस्सा तेवढा येतो. अलीकडे, १५ ऑगस्ट २०२५ रोजी कल्याण-डोंबिवली महापालिकेने मांसविक्री बंद ठेवण्याचा हुकूम काढला तेव्हा वादळ उठले. त्या वादात पर्यावरण कोणाच्याच तोंडी नव्हते. स्वातंत्र्यदिनी काय खावे याचे स्वातंत्र्य, एवढाच मुद्दा होता. अशा हवेत मांस कमी करण्याचे कोणतेही आवाहन संशयाने ऐकले जाणार. हे आपल्याकडच्या पर्यावरणवाद्यांचे दुर्दैव आहे, आणि काही अंशी त्यांनी ओढवून घेतलेलेही.

पण म्हणून मूळ मुद्दा खोटा ठरत नाही. आमच्यासारख्या पगारदार, शहरी, मध्यमवयीन घरांत गेल्या तीस वर्षांत काय झाले ते आम्हांला ठाऊक आहे. पाहुणा आला तर कापली जाणारी कोंबडी आता ब्रॉयलर होऊन आठवड्यातून तीनदा येते. ती उकिरडा उकरत नाही. तिच्या खाद्यासाठी मका पेरला जातो आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनची पेंड जाते. हूवर यांचा धान्याचा हिशेब आपल्या ताटात उशिराने पोचला आहे. आमच्यापैकी दोघांच्या रक्ततपासणीचे आकडे तर येथे देण्यासारखे नाहीत.

निवेदन घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांना आम्ही हे सारे (कदाचित गरजेपेक्षा लांबवून) सांगितले. मेसला हात लावू नका, म्हणालो. त्यांनी वाद घातला, पण आठवड्याने नवा कागद आणला. त्यावर मेस नव्हती. नुसती नावे, आणि प्रत्येकाने आपला वार स्वतः लिहायचा अशी रिकामी चौकट. पहिल्या चार सह्यांपुढे सोमवार लिहिलेला होता. काका चहा ओतत हसले. आमच्यापैकी एकाने आपल्या नावापुढे सोमवार लिहून खोडला, थोडा वेळ पेन हातात धरून बसला आणि मग रविवार लिहिला. घरी त्याने अजून सांगितलेले नाही.